जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं: गोव्यात कोर्टाची पायरी कधी चढावी

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "माझा जन्म १९७४ चा, नोंद फोंड्याची. जन्मदाखल्यावर आडनाव नुसतं 'शेट' आहे. शाळेत मास्तरांनी 'शेट नार्वेकर' लिहिलं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच आलं. आधार, पॅन आणि पासपोर्टवर फक्त 'नार्वेकर'. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून 'शेट नार्वेकर'. तिला पुढच्या वर्षी शिकायला परदेशी जायचंय आणि सगळीकडे बापाचं नाव वेगळं दिसतंय. एक ओळखीचा म्हणतो, दिल्लीच्या राजपत्रात नाव छापून आणतो, काम झालं समजा. वकील म्हणतात, कोर्टात दावा घाला. कोणाचं ऐकू?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण खरा प्रश्न दोघांनीही तुम्हाला विचारलेला दिसत नाही: तुमच्या वडिलांच्या जन्मनोंदीत आडनाव काय आहे?

सगळं त्यावर अवलंबून आहे. वडिलांच्या नोंदीत 'शेट नार्वेकर' असेल आणि तुमचा जन्म नोंदवताना कारकुनाने 'नार्वेकर' गाळलं असेल, तर तुमचं नाव बदलायचंच नाही, नोंदीतली चूक दुरुस्त करायची आहे. वडील कागदावर नुसते 'शेट' असतील आणि 'नार्वेकर' हे घराण्याच्या मूळ गावावरून पुढे शाळेत चिकटलं असेल, तर मात्र तो नावात बदल ठरतो. दुरुस्तीचं दार वेगळं आणि बदलाचं वेगळं. गोव्यात लोकांचा वेळ आणि पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो चुकीच्या दारावर उभं राहून. दुरुस्तीचं काम असताना 'मी माझं नाव बदलू इच्छितो' असा अर्ज केला, तर आपलं आधीचं नाव वेगळं होतं ही कबुली आपणच लेखी देऊन बसतो. पुढे वारसाच्या कामात तीच कबुली समोरचा वकील काढून दाखवतो.

तेव्हा आधी वडिलांची नोंद काढा. मुक्तीपूर्वीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला जन्म असेल तर ती पोर्तुगीजमध्ये असणार, आणि दोन-चार रकान्यांचा आजचा दाखला मागून भागणार नाही. नोंदवहीतल्या मजकुराची अक्षरश: संपूर्ण प्रत मागा, तिला आपल्याकडे 'तेओर' म्हणतात. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, म्हणजे निबंधकाकडे, नोंदवही सापडली नाही, तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्यावा लागतो. तेओरमध्ये मूल, आईबाप, आजी-आजोबा, राहायचं गाव अशी सगळी नावं वाक्यांत लिहिलेली असतात. कित्येकदा गाळलेलं आडनाव आजोबांच्या ओळीत सापडतं.

ही नोंद वाचताना घाबरून जाऊ नका. पोर्तुगीज कारकून कानाला ऐकू येईल तसं आपल्या लिपीत लिहायचे. 'शेट'मधल्या 'श'साठी एक्स, 'नाईक'च्या शेवटी क्यू-यू-ई, 'नार्वेकर'चं कोंकणी उच्चाराप्रमाणे 'नार्वेंकार', तेही 'के'ऐवजी 'सी' वापरून. 'पै'चं 'पोय', 'भट'चं 'बोतो', 'प्रभू'चं 'पोरोबो', 'शेणवी'चं 'सिनाय'. हा निव्वळ वर्णलेखनाचा फरक आहे, नाव तेच आहे. अशा फरकासाठी कोर्टात धावायची गरज सहसा पडत नाही. अधिकृत भाषांतर आणि एक नीट लिहिलेलं प्रतिज्ञापत्र पुरतं. (पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाच्या नादात लोक आजोबांच्या नावातलं एकेक अक्षर जुळवायला दावे घालतात, तो वेगळाच उद्योग. त्या वाटेला जाणाऱ्याने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, हे आधी लक्षात घ्यावं.)

आता समजा, वडिलांच्या नोंदीत 'शेट नार्वेंकार' मिळालं. मग तुमचं काम जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली येतं. नोंद चुकीची झाली आहे अशी खात्री पटली तर निबंधक ती दुरुस्त करू शकतो. करतो कशी, तर मूळ ओळीला हात न लावता समासात नोंद घालून, सही-तारखेसह. मूळ अक्षर खोडायची परवानगी कोणालाच नाही, कोर्टालाही ते नको असतं. म्हणून दुरुस्तीनंतर कोणी तुम्हाला 'नवीन वहीत नवीन नाव' देऊ लागला, तर त्याच्यापासून लांब राहा.

निबंधकाकडे अर्ज करताना वडिलांची तेओर, तुमच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, दहावीचं प्रमाणपत्र, आईवडिलांच्या लग्नाची नोंद आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन विश्वासू माणसांची निवेदनं जोडा. शाळेचा दाखला नव्हे, प्रवेश नोंदवहीचा उतारा. दाखला शाळा सोडताना लिहितात, नोंदवही पहिलीत घातलं त्या दिवशीची असते. पुराव्यात जुन्या शाईला जास्त वजन असतं.

किरकोळ चूक असली तर काम तिथेच होतं. पण अख्खं आडनाव वाढवायचं म्हटलं की निबंधक कचरतात, आणि 'कोर्टाचा हुकूम आणा' असं तोंडी सांगून वाटेला लावतात. तोंडी नकारावर कधीही परत फिरू नका. अर्ज आवक करून घ्या, शिक्का मारलेली पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. अर्ज मराठीत दिलात तरी चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा असली, तरी सरकारी कामासाठी मराठीच्या वापराला मुभा आहे. तो लेखी नकार पुढे तुमच्या दाव्याचा पाया होतो, का ते खाली सांगतो.

दुसरी शक्यता, म्हणजे वडीलही नुसतेच 'शेट'. इथे गोव्याचा स्वतंत्र कायदा लागतो: गोवा नाव आणि आडनाव बदल कायदा, १९९० चा अधिनियम क्रमांक ८, आणि त्याखालचे १९९१ चे नियम. ज्याचा जन्म गोव्यात नोंदलेला आहे त्याच्यासाठी हा रस्ता आहे, आणि तुमची सुरुवात जन्म नोंदला त्या तालुक्याच्या निबंधक कार्यालयातून होते. मुख्य टप्पा नोटिशीचा. जुनं नाव, नवं नाव, राहायचं ठिकाण असा मजकूर प्रसिद्ध होतो आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. गोवा सरकारच्या राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत अशा नोटिसा वर्षानुवर्षं छापून येत आहेत. कधी चाळून बघा, निम्मा गोवा तिथे आडनावं सरळ करताना दिसेल.

बाहेरून आलेली माणसं गोमंतकीय आडनावं घेऊन नोकऱ्या आणि जमिनी मिळवतात, अशी ओरड विधानसभेत झाली आणि त्यानंतर हा कायदा कडक करण्यात आला. नियम डावलून केलेला बदल दखलपात्र गुन्हा ठरवण्यापर्यंत गोष्ट गेली. म्हणून चुलतभावाने काही वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाची झेरॉक्स घेऊन तीच भरू नका. निबंधक कार्यालयातून आजचा नमुना आणि आजची कागदांची यादी घ्या. आईवडील, आजी-आजोबा गोव्यातले असल्याचे कागद तयार ठेवा, ते विचारले जातातच.

राखीव जागांबद्दलही एक गैरसमज आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना गोव्यात २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून 'आडनाव बदललं की दाखला मिळतो' किंवा 'बदललं की जातो' अशा दोन्ही अफवा चालतात. जमात आडनावावर ठरत नाही. पण आडनाव बदलून दाखल्याचा अर्ज केला तर तपासणीत दहा प्रश्न जास्त येतात, एवढं मात्र खरं.

दिल्लीच्या राजपत्राबद्दल. ते खोटं नाही. भारताच्या राजपत्राच्या चौथ्या भागात नावबदलाच्या जाहिराती छापतात, आणि आधार किंवा पासपोर्टच्या कामात तो कागद दाखवता येतो. पण ती तुमच्याच प्रतिज्ञापत्रावर छापलेली जाहिरात आहे. फोंड्याच्या नोंदवहीतलं एक अक्षरही तिच्याने हलत नाही. ज्याचा जन्म गोव्यात नोंदलेला आहे त्याने १९९० च्या कायद्याला वळसा घालून दिल्ली गाठली, की पुढे गोव्यातलंच एखादं कार्यालय 'इथल्या कायद्याखाली बदल का केला नाही?' असं विचारतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. तुमच्या ओळखीच्या माणसाला एवढंच विचारा: राजपत्र आल्यावर जन्मदाखल्यावर काय छापून येईल? तो विषय बदलेल.

आपल्या मराठी घरांमध्ये याला आणखी एक फाटा असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर सावंतवाडी, कुडाळ नाहीतर बेळगाव. म्हणजे जन्म तिकडे नोंदलेला, आयुष्य सगळं गोव्यात. अशा माणसाला गोव्याचा १९९० चा कायदा उपयोगी पडत नाही. नोंदीची दुरुस्ती तिथल्या निबंधकाकडे, आणि दावा घालायची वेळ आली तर सहसा तिथल्याच कोर्टात, कारण प्रतिवादी तिकडचा आणि दाव्याचं कारणही तिकडेच घडलेलं.

आता कोर्ट.

पहिली गोष्ट अशी की दिवाणी कोर्ट तुम्हाला नाव 'देत' नाही. तुम्ही आधीपासून जे आहात ते जाहीर करतं. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खाली दर्जा किंवा हक्क यांच्याबद्दल घोषणा मागता येते. म्हणून 'मला शेट नार्वेकर व्हायचंय' असा दावा टिकत नाही. 'मी शेट नार्वेकरच आहे, नोंदवहीत ते चुकून अपुरं आलंय आणि निबंधक दुरुस्त करायला नकार देतोय' असा टिकतो. दाव्याच्या मसुद्यात ही दुसरी भाषा आहे का, ते सही करण्यापूर्वी वाचा. मसुदा इंग्रजीत असणार, पण वकिलाकडून प्रत्येक परिच्छेद मराठीत समजून घ्या. पुढे साक्षीला तुम्हाला उभं राहायचंय, वकिलाला नाही.

त्याच कलमात एक अट आहे, तिच्यावर बरेच दावे आपटतात. पुढचा दिलासा मागता येण्यासारखा असताना नुसती घोषणा मागितली, तर कोर्ट ती देत नाही. तेव्हा 'मी अमुक आहे असं जाहीर करा' याच्या जोडीला 'आणि निबंधकाला तशी समासातली नोंद घालून सुधारित दाखला द्यायचा आदेश द्या' हीही मागणी हवीच. नाहीतर हातात सुंदर हुकूमनामा आणि वहीत जुनंच नाव.

त्याहून महत्त्वाचं कलम ३५. घोषणा फक्त दाव्यातल्या पक्षकारांना आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना बांधते, बाकी जगाला नाही. वकिलांच्या घाईत इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. गोवा राज्य आणि निबंधक एवढेच प्रतिवादी केले आणि उद्या एखादं शिक्षण मंडळ म्हणालं की आम्ही पक्षकार नव्हतो, तर ते कायद्याला धरून बोलत असतं. म्हणून दावा लिहिण्यापूर्वी कागद घेऊन बसा आणि यातला कुठला कागद हुकमाशिवाय हलणार नाही ते एकेक करून बघा. जो हलणार नाही, त्याच्या मालकाला प्रतिवादी करा. तुमच्या बाबतीत दहावीचं प्रमाणपत्र आधीच हव्या त्या नावाचं आहे, त्यामुळे मंडळाला ओढायची गरज नाही. चुलते किंवा भावंडं मात्र बघा. घरात जमिनीची वाटणी रखडलेली असेल, तर 'शेट' आणि 'शेट नार्वेकर' एकच घराणं हे त्यांच्याही अंगावर बांधून घेणं शहाणपणाचं. ते हसत हसत संमती देत असतील तर आजच घ्या, वाटणी सुरू झाल्यावर देत नाहीत.

सरकारविरुद्ध दावा म्हटला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आली. सरकारला लेखी कळवायचं, दाव्याचं कारण आणि मागणी सांगायची, आणि पूर्ण दोन महिने थांबून मगच दावा दाखल करायचा. ही नोटीस नसेल तर दावा पहिल्याच तारखेला अडकतो. फारच निकड असेल तर त्याच कलमाच्या पोटकलमाखाली कोर्टाची परवानगी घेऊन आधी दाखल करता येतो, पण मुलीचा प्रवेश म्हणजे निकड हे कोर्टाला पटवावं लागतं, आणि पटलं नाही तर दावा परत होऊन दोन महिने नव्याने मोजावे लागतात. माझा सल्ला असा की आज नोटीस पाठवा आणि ते दोन महिने पुरावा गोळा करण्यात घालवा. तसंही ते लागतातच.

मुदतीचं गणित: घोषणेच्या दाव्याला तीन वर्षं, दावा घालायचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाला तेव्हापासून. सरकारी वकील लगेच म्हणतो, "दहावीलाच यांना फरक माहीत होता, मग आज का आले?" याचं उत्तर म्हणजे तो लेखी नकार. दुरुस्ती मागितली आणि नाकारली, तेव्हा दाव्याचं कारण घडलं. म्हणून वर म्हटलं, तोंडी नकारावर परत फिरू नका.

दावा जन्म नोंदला त्या तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे तुमचा फोंड्यालाच. समन्स जातं, सरकारी वकील कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतात, तीत बहुतेक वेळा 'वादीने सिद्ध करावं' एवढाच सूर असतो. विरोध कोणाचा नाही म्हणून लोक गाफील राहतात. सरकारने विरोध केला नाही तरी न्यायाधीश पुरावा मागतात, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कोणीही कोणाचंही नाव घेऊन बसेल.

साक्षीचं प्रतिज्ञापत्र देता, मग पिंजऱ्यात उभं राहून ते आपलंच असल्याचं सांगता आणि मूळ कागद दाखवता. मूळ कागद. झेरॉक्सला पुरावा म्हणून क्रमांक पडत नाही. शाळेची नोंदवही मुख्याध्यापकांना समन्स काढून आणावी लागते. शाळेतून येणारा शिक्षक बिचारा सगळा दिवस वहीचं बाड काखेत धरून बाकावर बसलेला असतो, त्याला आधी भेटून पान दाखवून ठेवा. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आलेला असेल तर सही कोणाची हे सिद्ध करायची कटकट कायदा कमी करतो. आजोबांच्या लाकडी पेटीतला विक्रीखताचा कागद म्हणूनच घरातल्याने हजर करावा, दलालाने नव्हे. पोर्तुगीज कागदाला मान्य भाषांतरकाराचं भाषांतर लागतं, आणि तो वेळ काढतो, त्याच्याकडे सगळ्यात आधी जा.

उलटतपासणीत तीन गोष्टी हमखास विचारतात: तुमच्यावर फौजदारी खटला आहे का, बँकेचं कर्ज जुन्या नावावर थकलंय का, आणि या दुरुस्तीने कोणाच्या मिळकतीवर हक्क सांगणार आहात का. यातलं काही असेल तर लपवू नका, दाव्यातच लिहा. कर्ज असणं हा दोष नाही. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि नावाच्या दाव्यात खोटं पकडलं गेलं तर बाकी खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

वेळ किती लागेल? बिनविरोध असला तरी कोर्टाच्या कामाच्या ओझ्यावर अवलंबून आहे, वर्ष उलटलं तर नवल मानू नका. 'दोन महिन्यांत हुकूमनामा' सांगणारा एकतर नोटिशीचा कालावधी विसरलाय, किंवा तुम्हाला विसरायला लावतोय. खर्चात कोर्ट फी हा छोटा भाग. भाषांतर, प्रमाणित प्रती आणि वकिलाची फी हेच मुख्य. ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपल्याकडे 'फुकटचा वकील' म्हणून नाक मुरडतात, पण अशा सरळ दाव्यात ती मदत उत्तम चालते.

बायकांच्या नावाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण प्रश्न तुमचा असला तरी घरातलं पुढचं काम तेच निघणार. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, कुंदाची सुहासिनी झाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. कायद्याच्या दृष्टीने कुंदा कुंदाच राहिली. गोव्यात लग्नाची नागरी नोंद होते ती माहेरच्या नावाने, आणि नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. लावलं तर लग्नाच्या दाखल्यावर आडनावाचं काम बहुतेक ठिकाणी भागतं. पहिलं नाव बदललेलं असेल तर भागत नाही. आणि आपल्याकडे हे इतर राज्यांपेक्षा जास्त बोचतं, कारण नागरी संहितेप्रमाणे वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. जमीन नवऱ्याने विकायची म्हटली तरी बायकोची सही लागते. विक्रीखतावर सुहासिनी, लग्नाच्या नोंदीत कुंदा, आधारवर आणखी तिसरंच, असं सब-रजिस्ट्रारसमोर निघालं की गिऱ्हाईक टेबलावरून उठतं. हीच गाठ पुढे वारसांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मिळकत वारसांत वाटायच्या कोर्टातल्या कामात पडते. सासूबाई हयात असताना, त्या स्वतः साक्ष देऊ शकत असताना हे काम उरकून घ्या. माणूस गेल्यावर त्याचं नाव सिद्ध करणं फार अवघड.

अल्पवयीन मुलाचं नाव असेल तर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. दावा मुलाच्या वतीने वादमित्र म्हणून पालक घालतो. आईबाप वेगळे राहत असतील आणि एकाला माहिती न देता दुसऱ्याने आडनाव बदलायचा घाट घातला, तर कोर्ट हमखास दुसऱ्याला नोटीस काढायला लावतं. बाळाचं नावच नोंदवायचं राहिलं असेल, नुसतंच 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद असेल, तर त्याला कोर्ट नको. १९६९ च्या कायद्याच्या कलम १४ खाली पंचायतीत किंवा नगरपालिकेत ते घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांत तर शुल्काशिवाय.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या आईबापांनी तर दाखला घरी आणताच अक्षर न् अक्षर वाचावं. त्या दिवसापासून सुधारित कायदा लागू झाला आणि त्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. आमच्या पिढीसारखं 'दहावीच्या प्रमाणपत्रावर भागवून नेऊ' हे त्यांना जमणार नाही.

शाळेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न तुम्हाला नाही, पण बऱ्याच जणांना असतो. जिग्या यादव विरुद्ध केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि मंडळाला सरसकट नकार देता येणार नाही. जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक कागदाशी जुळवून घ्यायचं असेल तर मंडळाने ते करावं. स्वतःच्या इच्छेने नवं नाव घेतलं असेल तर मात्र कोर्टाची घोषणा आणि राजपत्र यांची अट घालता येते. हे प्रकरण केंद्रीय मंडळाचं होतं, पण पर्वरीच्या गोवा मंडळाला पत्र लिहितानाही त्याचा आधार जरूर द्या.

हुकूमनामा मिळाल्यावर दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून काही निबंधक ती संपेपर्यंत किंवा 'अपील नाही' असा कागद आणेपर्यंत थांबवतात. वाद घालू नका, थांबा. मग क्रम असा ठेवा: आधी जन्मदाखला, त्यावरून आधार, आधारवरून पॅन आणि बँक, सर्वांत शेवटी पासपोर्ट. आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. कोर्टाचं काम संपण्याआधी घाईने एक संधी 'नार्वेकर'चं 'शेट' करण्यात उडवू नका.

आता तुमच्या घरापुरतं. माझ्या मते तुमचं पक्कं नाव 'शेट नार्वेकर' ठरवावं, कारण दहावीचं प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला हे दोन सर्वांत चिवट कागद आधीच त्या नावावर आहेत. उरतो तुमचा जन्मदाखला, तो वडिलांच्या तेओरप्रमाणे कलम १५ ने किंवा १९९० च्या कायद्याने. आधार, पॅन, पासपोर्ट हे त्यामागून येणारे कागद आहेत. मुलीचं जाणं याआधीच ठरलं, तर तिच्या कागदांना हात लावू नका. 'जन्मदाखल्यावरचा शेट, प्रमाणपत्रावरचा शेट नार्वेकर आणि पासपोर्टवरचा नार्वेकर हा मी एकच' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, सोबत वडिलांच्या तेओरचं भाषांतर, असा संच तिच्या फाईलमध्ये ठेवा. ही तात्पुरती सोय आहे, पण नावांत फरक का पडला याचं सरळ स्पष्टीकरण कागदावर दिलेलं असलं की विद्यापीठं सहसा अडवत नाहीत. तिच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव अजून छापायचं असेल, तर तिच्या जन्मदाखल्यावर आहे तसंच 'शेट नार्वेकर' घाला, तुमच्या आधारवरून उतरवू नका.

सोमवारी निबंधक कार्यालयात तेओरसाठी अर्ज द्या. जाताना वडिलांचं जन्मवर्ष, आजोबांचं नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून न्या, वर्ष नक्की नसेल तर पुढचं-मागचं एकेक वर्षही शोधायला सांगा.